शेवाळ म्हणजे ताटातलं मीठ, भात नव्हे



आजची नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. आंब्यावर नाही, काजूवर नाही, समुद्रातल्या शेवाळावर आणि अळ्यांवर आहे. हसू नका, विषय पैशाचा आहे.

माझा पुतण्या मुंबईची नोकरी सोडून गावी आलाय. पोरगा मेहनती आहे, कुक्कुटपालन करायचं डोक्यात होतं. पण दिवाळीनंतर एक दिवस रंगीत कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, कोंबड्या सोडा. कोंबड्यांचं खाद्यच करूया. अळ्या पाळायच्या. त्यांना खायला समुद्राचं शेवाळ. शेवाळ फुकट. तयार अळ्या कंपनीच परत घेणार. शेड, ट्रे, अंडी सगळं ते देतात, आपण फक्त कर्ज काढायचं."

कंपनीचं नाव मी घेत नाही, आणि कुणी विचारूही नका. पण त्या पोराच्या बोलण्यात 'फुकट' हा शब्द चार वेळा आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याकडे फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं बिल नंतर येतं. कधी ते आपल्याला येतं, कधी शेजाऱ्याला.

मी त्याला म्हटलं, "शिमगा होईपर्यंत थांब. कागदावर सही करू नको. आधी घरी घमेल्यात करून बघू." तो थांबला. ही त्याचीच हकीकत, आणि शेवटी माझं मत.

अळी कुठली ते आधी

ही अळी म्हणजे काळ्या माशीची. इंग्रजीत तिला ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. घरमाशी वेगळी, ही वेगळी. तुमच्या कंपोस्टच्या खड्ड्यात, कुजलेल्या फणसाखाली जाड, चपटी, करडी अळी वळवळताना बघितली असेल, तीच बहुतेक. मोठी माशी काही खात नाही म्हटलं तरी चालेल, आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. घरात ताटावर येऊन बसत नाही. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते, तीही कचऱ्यात नाही, कचऱ्याच्या जवळच्या कोरड्या फटीत. म्हणून लोक पुठ्ठ्याचे नळीदार तुकडे ठेवतात. चार दिवसांत अंडी फुटतात, पुढे दोन-तीन आठवडे अळी नुसती खाते.

वाळवलेल्या अळीत साधारण चाळीस टक्के प्रथिनं आणि तीस टक्क्यांपर्यंत चरबी असते. खाद्य काय घातलं त्यावर हे वरखाली होतं. कोंबडी, मासा, कोळंबी, सगळ्यांना ती चालते. शंभर किलो ओला कचरा घातला, तर हात बसलेल्या माणसाला पंधरा-वीस किलो ओली अळी मिळते. ती वाळली की पाच-सहा किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसं किडे खातात का? खातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ साली मोठा अहवाल काढला, त्यात जगात दोनशे कोटी माणसांच्या जेवणात किडे आहेत आणि खाण्याजोग्या जाती एकोणीसशेच्या वर आहेत असं लिहिलंय. लांब कशाला, ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली जी.आय. मिळालं, आपल्या हापूसला आहे तसंच. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरच्या बाजारात तीच चटणी पानावर विकतात. आणि आपण कोळंबी, चिंगळं, कुर्ल्या चाटूनपुसून खातो, ते कोण? किड्यांचेच भाऊबंद. म्हणून ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्यानं अळीच्या पिठापासूनही लांब राहावं. बाकी आमच्या घरात कोळंबी चालते, अळी चालत नाही. बायकोनं स्पष्ट सांगितलं, घमेली गोठ्याच्या पलीकडे. तेव्हा माझं सगळं बोलणं जनावरांच्या खाद्यापुरतं आहे.

माझी तीन घमेली

अळ्या विकत आणल्या नाहीत. कंपोस्टच्या ड्रमात आपोआप आलेल्या, त्यातल्या बारीक आणि एकसारख्या निवडल्या. तीन घमेल्यांत सारख्या वाटून टाकल्या. प्रत्येकात एकूण पाच किलो खाद्य, दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं.

पहिल्यात काजूचे बोंडू ठेचून आणि त्यात भाताचा कोंडा. नुसता बोंडू घालू नका, पाणी सुटतं, आंबतो आणि अळ्या बुडतात. मूठ दाबली की बोटांतून एखादा थेंब यावा, एवढाच ओलावा हवा.

दुसऱ्यात तेच, पण चौथा हिस्सा शेवाळ. शेवाळ म्हणजे लाटेनं किनाऱ्यावर टाकलेलं तपकिरी, ज्याच्या पानांत मण्यांसारखे हवेचे फुगे असतात. शास्त्रात त्याला सारगॅसम म्हणतात. एका पाण्यानं धुतलं आणि कोयत्यानं बारीक केलं.

तिसऱ्यात नुसतं शेवाळ. कागदावर लिहिलं होतं तसं.

तिसऱ्या रात्री तिसऱ्या घमेल्यातल्या निम्म्याहून जास्त अळ्या भिंत चढून पळाल्या. घमेल्याची भिंत ओली झाली की त्या चढतातच, पण पहिल्या दोन घमेल्यांतूनही चढता येत होतं आणि तिथल्या चढल्या नाहीत. जेवण बरं असेल तर पंगतीतून कोण उठतो? उरल्या त्या पंधरा दिवसांनीही सुतळीसारख्याच. पहिल्या घमेल्यात जाडजूड अळी, किलोला थोडी कमी. दुसऱ्यात दोन दिवस उशीर झाला, वजन थोडं कमी, पण चांगली. तिसऱ्यात ओंजळभर.

मी दहावी पास माणूस. तीन घमेली म्हणजे संशोधन नव्हे हे मला कळतं. म्हणून पुतण्याला सांगितलं, मोबाईलवर बघ, जगात कुणी केलंय का. त्यानं शोधलं आणि वाचून दाखवलं.

नॉर्वेवाल्यांनी काय बघितलं

नॉर्वेच्या बर्गन शहरातल्या शास्त्रज्ञांनी हेच केलं होतं. २०१७ साली छापून आलं. गव्हाच्या खाद्यात तिथलं तपकिरी शेवाळ दहा-दहा टक्क्यांनी वाढवत थेट शंभर टक्क्यांपर्यंत नेलं. अर्ध्यापर्यंत अळी ठीक वाढली. अर्ध्याच्या वर शेवाळ गेलं की वाढ आणि जगणं दोन्ही घसरलं. शंभर टक्क्यांवर धंदा करता येईल असं काही राहिलं नाही. म्हणजे आमच्या गोठ्यामागच्या घमेल्यांचं आणि बर्गनचं मत एकच पडलं.

कारण सोपं आहे. तपकिरी शेवाळात जो चिकट पदार्थ असतो, ज्यापासून अल्जिनेट काढतात, तो अळीला नीट पचत नाही. त्यात मीठ आणि खनिजं भरपूर. ताज्या शेवाळात ऐंशी ते नव्वद टक्के पाणीच. म्हणजे दहा किलो ओढून आणा, वाळवा, हातात येतं एक-दीड किलो, आणि त्यातही बरीचशी राख.

पण खोटं बोलणार नाही, शेवाळाचा फायदाही त्यांना दिसला. एरवी या अळीच्या चरबीत माशासारखी ओमेगा-३ चरबी जवळजवळ नसते. शेवाळ खाल्लेल्या अळीत ती आली. आयोडीन आलं, ई जीवनसत्त्व आलं. मासे आणि कोळंबी पोसणाऱ्याला याची किंमत आहे. आज ती चरबी मिळवायला खाद्यात मासळीची कुटी आणि माशाचं तेल घालतात, आणि त्यासाठी तारलीसारखी गरिबाच्या ताटातली मासळी कारखान्यात जाते. समुद्रात मासळी कमी, त्यावरून पारंपरिक आणि पर्ससीनवाले यांच्यात भांडणं, हे आपण रोज बघतो. अळीनं कुटीची थोडी जागा घेतली तर मला आनंदच आहे. म्हणून हा विषय मी थट्टेवारी नेत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच नॉर्वेवाल्यांनी पुढच्या वर्षी जड धातू तपासले. शेवाळात समुद्रातलं कॅडमियम, आर्सेनिक साठतं. अळी कॅडमियम तर जवळजवळ सगळं अंगात धरून ठेवते. म्हणजे शेवाळातून अळीत, अळीतून कोंबडीत किंवा माशात, तिथून आपल्या पोराबाळांच्या पोटात. जपानी लोक खातात ते हिजिकी नावाचं शेवाळ आपल्या सारगॅससमच्याच गोतावळ्यातलं. त्यात घातक प्रकारचं आर्सेनिक सापडलं म्हणून ब्रिटनच्या अन्न खात्यानं २००४ सालीच लोकांना ते खाऊ नका असं सांगितलं. आपल्या किनाऱ्यावरचं शेवाळ तसंच आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तपासल्याशिवाय ते कोंबडीच्या पोटात घालू नये. त्या रंगीत कागदावर तपासणीची एक ओळ नव्हती.

आणखी एक. कागदावर 'युरोपला निर्यात' असं ठळक छापलं होतं. युरोपनं अळीचं पीठ माशांच्या खाद्यात २०१७ पासून आणि कोंबडी-डुकरांच्या खाद्यात २०२१ पासून चालू केलं, हे खरं. पण त्या अळीला काय खायला घातलं यावर तिथं कडक नियम आहेत. हॉटेलचं उष्टं, शेण, मांस-मासळीचा कचरा यावर पोसलेली अळी चालत नाही. आपल्याकडचा माणूस शेड भरली की जे मिळेल ते घालणार. मग निर्यात कुणाच्या भरवशावर?

खाराचा हिशेब

माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. दुसऱ्या घमेल्यातली अळी काढल्यावर खाली काळं, भुसभुशीत खत उरलं. अळीची विष्ठा आणि न खाल्लेला चोथा. दिसायला गांडूळखताचं भावंड. मी ते उत्साहात मिरचीच्या रोपांना घातलं. आठ दिवसांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. पहिल्या घमेल्याचं खत घातलेली रोपं शेजारीच हिरवीगार. फरक कशाचा? खाराचा. शेवाळ एका पाण्यात धुतलं होतं, ते पुरलं नाही. अळीनं शेवाळ खाल्लं, मीठ मात्र मागे ठेवलं.

बरं, दोन-तीन पाण्यांत धुवायचं तर गोडं पाणी कुठलं? शेवाळ किनाऱ्याला लागतं ते थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तेव्हाच आपल्या विहिरी तळाला जायला लागतात. पावसाचा जिल्हा म्हणून नाव मोठं, पण एप्रिलमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. आंब्याच्या नव्या कलमांना पाणी घालायचं की शेवाळ धुवायचं? हा खर्च कागदावर कुठेच नव्हता.

खारं खत वायाच जातं असं नाही. माडाला ते चालतं. माडाला मीठ घालायची आपली जुनी रीत आहे आणि त्यात शास्त्र आहे, नारळाला क्लोराईड लागतं. मी उरलेलं खत माडाच्या आळ्यात टाकलं, काही बिघडलं नाही. पण आंबा, मिरची, रोपवाटिका यांच्या जवळ नको.

फुकट म्हणजे कुणाचं?

आता मूळ मुद्दा. वरचा आकडा आठवा. महिन्याला एक टन वाळलेली अळी द्यायची असेल तर सतरा ते वीस टन ओलं खाद्य लागतं. त्यात चौथा हिस्सा शेवाळ धरलं तरी महिन्याला चार-पाच टन. एका शेडला. अशा दहा शेड झाल्या तर?

लाटेनं आणून टाकलेलं शेवाळ एवढं आणि रोज येत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला येतं, मग आठ दिवस काही नाही. कंपनीला माल रोज हवा, बँकेला हप्ता महिन्याला हवा. मग माणूस कोयता घेऊन खडकावर जाणार, ओहोटीला उभं शेवाळ कापणार. तिथून गोष्ट बिघडते.

त्या शेवाळात माशांची पिल्लं लपतात, कुर्ल्या वाढतात. त्याच खडकांवर आमच्या गावच्या बाया ओहोटीला कालवं काढायला जातात. त्यांच्याकडे ना सातबारा ना कर्ज, तो खडक हीच त्यांची शेती. शेवाळ मुळापासून खरवडलं तर पुढच्या वर्षी तिथं काय उगवणार? किनाऱ्यावर पडलेलं शेवाळ हाही नुसता कचरा नाही. त्याच्याखाली उड्या मारणारे बारीक किडे असतात, माशीच्या अळ्या असतात, त्यावर थंडीत येणारे छोटे पक्षी जगतात. म्हणजे शेवाळावर किडे पोसायचं काम समुद्र आधीपासून करतोच आहे, कर्ज न काढता. आणि गावखडीसारख्या किनाऱ्यावर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कासवं अंडी घालतात. तिथं शेवाळ गोळा करायला ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी उतरवला तर घरटी गेली म्हणून समजा.

कुणी म्हणेल, मग शेवाळाची शेती करा, दोऱ्यांवर वाढवा. करावी, मी विरोधात नाही. सरकारचीही त्याला मदत आहे, २०२० सालच्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले होते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर आपला समुद्र कुणाचा तराफा ठेवत नाही, म्हणजे पीक आठ महिन्यांचंच. दुसरं, बी कुठलं लावता ते बघा. तमिळनाडूत बाहेरच्या देशातलं कप्पाफायकस लावलं, लोकांना पैसेही मिळाले, पण मन्नारच्या आखातात ते कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचं २००८ साली शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. आणि एवढं कष्टानं लावलेलं शेवाळ अळीला घालणं म्हणजे हापूस म्हशीला घालण्यासारखं. त्याच्यापासून कॅरागीनन होतं, पिकावर फवारायचा अर्क होतो. तो अर्क आपण दुकानातून बाटलीनं विकत घेतोच, २०२१ पासून अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशात जागाही मिळाली. जिथं किंमत आहे तिथं द्यावं.

मग अळीला घालायचं काय?

इथंच मला आपल्या लोकांचं नवल वाटतं. समुद्रावर फुकटचं शोधायला जातो आणि आपल्या बागेत सडतंय ते दिसत नाही.

मार्च ते मे काजू. एक किलो बी गोळा करताना पाच-सहा किलो किंवा जास्तच बोंडू आपण झाडाखाली टाकून देतो. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे चिलटं होतात. एप्रिल ते जून आंबा. कॅनिंगच्या कारखान्याबाहेर साल आणि गराचा चोथा ढिगानं पडतो, त्याच्या वासानं शेजारी वैतागतात. मे-जूनमध्ये फणस, निम्मा तर कुणी उतरवतही नाही. बारा महिने बाजारातली खराब भाजी, गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणच्या हॉटेलांचा कचरा. आणि मासळीबाजारातली डोकी, आतडी, खवले.

या शेवटच्यावर मन लावा. अमेरिकेतल्या आयडाहोच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली शेणात माशाची घाण मिसळून या अळीला घातली, आणि अळीत ओमेगा-३ आली, तीही शेवटच्या एका दिवसाच्या खाद्यानं सुद्धा. म्हणजे ज्या गुणासाठी शेवाळ आणायचं, तो गुण मिरकरवाड्याच्या कचऱ्यातूनही मिळू शकतो. वास येतो, वस्तीपासून लांब करावं लागेल, हे आहेच. आणि वर सांगितलं तसं, तो माल युरोपचा नव्हे, आपल्या तळ्याचा आणि आपल्या कोंबड्यांचा.

पावसाळ्याचंही सांगून ठेवतो. माशीच्या जोडीला ऊन लागतं. आषाढ-श्रावणात पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा अंडी कमी पडतात आणि खत वाळत नाही. म्हणून 'बारा महिने सारखा पुरवठा' असा करार कोकणातल्या माणसानं करू नये. अळीला हंगाम असतो, आंब्याला असतो तसाच.

माझं मत, थोडक्यात

१. शेवाळ हे अळीचं मुख्य खाद्य नाही. ताटात मीठ डावीकडे चिमूटभर वाढतात, भातासारखं मधोमध नाही. शेवाळाची जागा तीच. माझ्या घमेल्यात चौथा हिस्सा चालला, पण मी स्वतः आता दहाव्या हिश्श्याच्या वर जाणार नाही.

२. घ्यायचं तर उधाणानं टाकलेलं, पाटीनं, हातानं, तेही थोडं मागे ठेवून. खडकावरचं उभं शेवाळ कापायचं नाही.

३. दोन-तीन पाण्यांत धुवायचं. पाणी नसेल तर करायचंच नाही.

४. शेवाळ खाल्लेली अळी रोज आणि नुसती कोंबडीला घालायची नाही. उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून, बाकी खाद्यात थोडी मिसळायची. त्या खताला माडाखाली जागा, रोपवाटिकेत नाही.

५. परत खरेदीच्या नुसत्या तोंडी किंवा चकचकीत कागदावरच्या वचनावर कर्ज काढायचं नाही. आधी एक हंगाम घमेल्यात, मग एक हंगाम दहा ट्रेमध्ये, स्वतःच्याच कोंबड्यांसाठी. खाद्याची गोण महिन्याला एक जरी कमी लागली तरी तो खरा नफा, कारण त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेब लोकांना हात जोडून विनंती. तुमच्यातले काहीजण ही नोंद वाचतात हे मला माहीत आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आपल्या दारात आहे, दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून. मासा कळणारी माणसं एकीकडे, माती आणि कोंबडी कळणारी दुसरीकडे, आणि हा विषय नेमका मधला. आमच्या किनाऱ्यावरचं तपकिरी आणि हिरवं शेवाळ नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला तपासा. मीठ किती, आयोडीन किती, आर्सेनिक-कॅडमियम किती. बोंडूच्या खाद्यात दहा, वीस, तीस टक्के घालून अळी बघा, ती खाल्लेल्या कोंबडीचं अंडं बघा. आणि साध्या मराठीत एक पान छापा: एवढं चालेल, एवढं नाही. नॉर्वेचं शेवाळ थंड पाण्यातलं, जात वेगळी. त्यांचा आकडा आम्ही किती दिवस उसना घ्यायचा? तुमचं ते एक पान नसतं, तेव्हा त्याची जागा कंपनीचा रंगीत कागद घेतो. आणि त्या कागदावर सही करणारा कोण असतो? मुंबईहून परत आलेला, गावात राहायचं ठरवलेला पोरगा. तो एकदा बुडाला की पुन्हा गाडी पकडतो आणि मागे कुलूप लागलेलं आणखी एक घर राहतं. मला भीती अळीची नाही, त्या कुलपाची आहे.

पुतण्याचं काय झालं म्हणाल, तर कागद परत पाठवला. चाळीस गावठी कोंबड्या घेतल्यात. गोठ्यामागे सहा ट्रे मांडलेत, बोंडूचा हंगाम संपला, आता आंब्याची साल आणि फणस चालू आहे. शेवाळ वाळवून एक पोतं ठेवलंय, त्यातलं मूठ-मूठ घालतो. अंडी गावातच खपतात. श्रीमंत झालेला नाही, पण हप्ता कुणाचा नाही.

तुमच्यापैकी कुणी बोंडूवर किंवा मासळीच्या कचऱ्यावर अळी केली असेल तर अनुभव जरूर सांगा. फसला असाल तर तेही सांगा, लाज धरू नका. माझी मिरची जळली ती मी सांगितलीच की.

पुढच्या नोंदीत बोंडू आणि कोंड्याचं प्रमाण नीट मापून देतो. तोवर पाऊस येतोय, बागेतले चर साफ करून घ्या.

नमस्कार.